वर्तमानकाळाचा धडा

कफ्र-दोलितो, ११ सप्टेंबर २००४

दान्हो,

बाबा वारल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर तू गाडीत बसलास, त्यानंतर तुझं नाव आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. उत्तर नकोच आहे. फक्त माझी बातमी तुझ्या तिकडच्या कॉफीच्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये. तिथे बसणारे आपलेच लोक एकाचे दहा करून सांगतील, आणि तू मान खाली घालून ऐकशील. मान खाली घालण्यासारखं मी काही केलेलं नाही.

आई बरी आहे. डावा कान पार गेला, उजव्याला हवं तेवढंच ऐकू येतं. द्राक्षं यंदा चांगली आली, गच्चीवर वाळत घातली आहेत.

मागच्या शनिवारी चर्चच्या अंगणात सरकारी पाहुणे आले होते. चहा घेतला नाही. जाताना आपला काळा फळा घेऊन गेले. मला पुढच्या महिन्यात तालुक्याला बोलावलंय.

हे पत्र टपालाने येतंय, म्हणून एवढंच. मल्केची सून पुढल्या महिन्यात स्वीडनला परत निघाली की बाकीचं तिच्या हाती देईन. तुझ्यापर्यंत कोरडं पोचव, वाटेत वाचू नकोस, असं तिला बजावून सांगेन. ती वाचेलच.

शम्मूनी

कफ्र-दोलितो, २ ऑक्टोबर २००४

दान्हो,

आता सगळं नीट सांगते.

तू गेल्यावर गावात सात घरं उरली. त्या सात घरांत अकरा मुलं. ती खालच्या गावी सरकारी शाळेत तुर्की शिकतात, हसनोच्या मुलांबरोबर खेळताना कुर्दी बोलतात, आणि घरी आपली सुरयानी. पण लिहायला विचारलंस तर एकालाही स्वतःचं नाव आपल्या अक्षरांत येत नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी शनिवारी शिकवायला बसले. बाबांनी आपल्या दोघांना शिकवलं तसंच. फरक एवढाच, की बाबांनी आपल्याला धान्याच्या कोठारात कुजबुजत शिकवलं आणि मी अंगणात फळा टांगला. तुला हे वेडेपण वाटेल. मला वाटलं, इतकी वर्षं कुजबुजलो, आता जरा मोठ्याने बोलून बघू.

त्या दिवशी जिल्ह्याचा नवा कमांडर दोन जीप घेऊन आला. तरुण आहे, इस्त्रीचा गणवेश. त्याने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही शाळा कुणाच्या परवानगीने चालते?"

मी म्हटलं, "शाळा कुठे आहे, साहेब? चार पोरं, एक फळा आणि एक बाई."

"यालाच शाळा म्हणतात."

आई दाराशी बदाम फोडत बसली होती. तिला म्हणे ऐकू येत नाही. ती म्हणाली, "अगं शम्मूनी, साहेबांना खुर्ची दे. आमच्या गावात शाळा आहे असं म्हणणारे हे पहिलेच सरकार!"

एक शिपाई हसला आणि लगेच खोकला. कमांडर हसला नाही. फळा तसाच, लिहिलेला, कापडात गुंडाळून जीपमध्ये ठेवला. पुरावा म्हणून. अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून दोघांनी तो आडवा धरला होता. दान्हो, इतक्या वर्षांत आपल्या लिपीची एवढी काळजी सरकारने कधी घेतली नव्हती.

आरोप आहे परवान्याशिवाय शाळा चालवल्याचा. शिक्षा तुरुंगाची होऊ शकते. वकील मिळाली आहे, दिलशाह हानम, कुर्दी आहे, तालुक्याला असते. हुशार आहे, सारखी सिगारेट ओढते. तिने मला समजावलं, जसं काही मला माहीतच नव्हतं, की जुन्या तहाप्रमाणे ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यूंना स्वतःच्या शाळा काढता येतात, पण सुरयानींचं नाव त्या रांगेत कुणी धरत नाही. "म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही अल्पसंख्याक नाही," ती म्हणाली.

"मग कोण आहोत?"

"बहुसंख्य," ती म्हणाली, आणि धूर सोडून इतकी हसली की मलाही हसू आलं. अकरा मुलांचे बहुसंख्य आम्ही.

फळ्यावर काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. मुलांची वाक्यं होती.

तू बाबांच्या चाळिसाव्याला सगळ्यांसमोर म्हणालास, की मेलेल्या गावाची राखण करत बस, माझ्यापुरतं हे घर संपलं. तुझ्या हातात आईला आणि मला स्वीडनला न्यायची कागदपत्रं होती आणि मी ती घेतली नाहीत. आजही घेणार नाही. ज्या वर्षी रस्त्यावर तुझा मित्र बारसोम मारला गेला, त्या वर्षी तू गेलास, त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही. तू जगायला गेलास. मीही इथे जगायलाच थांबले आहे. राखण करायला नाही.

शम्मूनी

कफ्र-दोलितो, २९ ऑक्टोबर २००४

दान्हो,

मल्केचा मुलगा आज परत निघालाय, त्याच्या हाती हे देते.

काल गावात एक पाहुणी येऊन गेली. युरोपातल्या एका देशाच्या दूतावासातून, अंकारेहून. देश कुठला ते लिहीत नाही, तिचं नावही नाही. तिला त्रास व्हायला नको. उंच आहे, वय असेल पस्तीसच्या आसपास, पावसाळी बूट घालून आली होती आणि तुर्की पुस्तकात शिकल्यासारखं अगदी शुद्ध बोलते. दिलशाह हानमने तिला कळवलं होतं. वकील बाई बोलत नाही तेव्हा बरंच काही करत असते.

मी चहा केला, आईने खजूर भरलेले गोड कलिचे काढले, ईस्टरचे नव्हे, ताजे भाजलेले. आईने तिला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"ही आपल्या दान्होच्या तिकडचीच ना?"

"आई, युरोप मोठा आहे."

"मोठा असला तरी गल्ल्या असतीलच. विचार, ओळखते का."

मी विचारलं नाही. पण पाहुणीने तुर्कीत स्वतःच विचारलं, आजी काय म्हणतात? मग सांगावं लागलं, की माझा भाऊ स्वीडनला आहे आणि आमचं बोलणं नाही. तिने ते वहीत लिहिलं नाही, हे मला आवडलं.

बाकी सगळं लिहिलं. किती मुलं, किती घरं, कोण आलं, काय म्हणालं. मुलांना भेटली. तिने कुणालाही तुम्हाला भीती वाटते का असं विचारलं नाही. तुम्हाला कुठलं अक्षर काढायला अवघड जातं, असं विचारलं. मग काय, सगळ्यांनी जमिनीवर काठ्यांनी अक्षरं काढली, अंगणभर. शेवटी तिलाही तिचं नाव आमच्या अक्षरांत काढायला लावलं. तिला उजवीकडून लिहायला जमेना. हबीबची सैदे तिला म्हणाली, "काही हरकत नाही, सवय होईल." दूतावासाच्या बाईला!

मग ती आईला समजावू लागली. येत्या डिसेंबरात युरोपातल्या देशांचे सगळे प्रमुख बसून ठरवणार आहेत, तुर्कस्तानला आपल्यात घ्यायची बोलणी सुरू करायची की नाही. आणि त्यासाठी ते बघणार आहेत, इथे लोकांना बोलू देतात का, प्रार्थना करू देतात का, आपली भाषा शिकू देतात का.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सोयरीक आहे. पाहुणे मुलगी बघायला यायच्या आधी घर झाडतात, तसं."

पाहुणी हसली. "तसंच काहीसं, आजी."

"झाडताना कचरा कुठे जातो, ते बघशील का बाई? पुष्कळदा सतरंजीखाली जातो."

पाहुणीने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणूनच मी अंकारेत बसून राहिले नाही."

जाताना मी तिला एकच मागितलं. खटल्याच्या दिवशी कोर्टात येऊन बसा. बोलू नका, फक्त बसा. ती म्हणाली, येईन.

दान्हो, मला अभिमान वाटला. ती आली म्हणून नव्हे. तिला बसवायला आपल्याकडे अंगण होतं, द्यायला कलिचे होते, दाखवायला मुलं होती, म्हणून.

शम्मूनी

कफ्र-दोलितो, १८ नोव्हेंबर २००४

दान्हो,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. तरी दर मंगळवारी मी टपालवाल्याच्या वाटेकडे बघते, हे लिहून टाकते, कारण आई तुला कधीतरी सांगेलच.

आता एक अडचण झाली आहे आणि ती मी इथे कुणाशी बोलू शकत नाही. सगळे एका बाजूला आहेत आणि मी एकटी दुसरीकडे.

दिलशाह हानम मागच्या आठवड्यात आली. म्हणाली, सरकारी वकिलाकडून निरोप आहे. खटला कुणालाच नकोय. डिसेंबरच्या तोंडावर वर्तमानपत्रांत नाव नको. तेव्हा तुम्ही कोर्टात एवढंच सांगायचं, की तो भाषेचा वर्ग नव्हता, प्रार्थना शिकवत होतो. प्रार्थनेला परवाना लागत नाही. फळ्यावर स्तोत्र लिहिलं होतं. "कोर्टात ती लिपी वाचणारा एकही माणूस नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते स्तोत्र."

अबूना गेव्रियेंना ते लगेच पटलं. आपले अबूना तुला ठाऊक आहेत, आयुष्यभर चर्चचं छप्पर आणि लोकांची डोकी दोन्ही सांभाळत आले. "पोरी, देवाच्या भाषेतलं काहीही स्तोत्रच आहे," ते म्हणाले.

"अबूना, बकरी तुमची टोपी खाते, हे स्तोत्र आहे?"

कारण तेच लिहिलं होतं, दान्हो. आता सांगते. त्या शनिवारी प्रत्येक मुलाने फळ्यावर एकेक वाक्य लिहायचं होतं. बकरी चर्चच्या अंगणात शिरते. बकरी अबूनांची टोपी खाते. अबूना तिच्यामागे धावतात. आई गच्चीवर हसते. आमचं गाव डोंगरावर आहे. आणि सगळ्यात शेवटी, सैदेने, जीभ बाहेर काढून, मोठ्या अक्षरांत: हे गाव आमचं आहे. आम्ही इथेच आहोत.

दिलशाह हानमला हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा तिने नुकतीच पेटवलेली सिगारेट विझवली. "हे कोर्टात वाचलं तर परवान्याचा खटला राहणार नाही," ती म्हणाली. "गाव आमचं म्हणजे काय, असं विचारतील. देश तोडायला निघालात का, असं विचारतील. ऐका माझं. स्तोत्र."

मग मी अंकारेला फोन केला, पाहुणीला. तिचा आवाज निराळा होता. म्हणाली, वरून सांगितलंय, बैठक होईपर्यंत कुठल्याही खटल्याला जायचं नाही. बोलणी नाजूक वळणावर आहेत. मग जरा थांबून म्हणाली, "शम्मूनी हानम, वकील सुचवतात तो मार्ग शक्य असेल तर घ्या. तुम्ही सुटणं महत्त्वाचं."

मी म्हटलं, "मी सुटेन. वर्गाचं काय? उद्या दुसरं कुणी शिकवायला बसलं तर कोर्टाच्या कागदावर काय असेल? की यांची भाषा फक्त देवाशी बोलायला आहे. बकरीशी बोलायला नाही, शेजाऱ्याशी बोलायला नाही, लिहायला तर नाहीच."

मी पुढे म्हटलं, "तुमच्याकडे लोकांना भाषेचा हक्क आहे, तो प्रार्थनेपुरताच आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग इथे अर्धा हक्क का पुरेसा?"

फोन ठेवल्यावर मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडून काढलं. रागाने, असं मी आईला सांगितलं. तुला सांगते, भीतीनेही. मला तुरुंगाची भीती वाटते. तिथे थंडी फार असते म्हणतात, आणि बाहेर आईचं कोण करणार?

काल रात्रीच्या जेवणाला सातही घरं आमच्याकडे जमली. सगळे एकच म्हणत होते: शम्मूनी, हट्ट करू नकोस. हबीब म्हणाला, "तू आत गेलीस तर मुलांना कोण शिकवणार?" ते खरंच आहे. मी आईकडे पाहिलं. ती कुतल्यांचे गोळे वळत होती. म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मला ऐकू येत नाही." मग मान वर न करता, "पण सैदेने काय लिहिलं होतं ते तिने स्वतः मला वाचून दाखवलं होतं. घरी येऊन तीनदा."

मी ठरवलं आहे. काय ठरवलं, ते इथे लिहीत नाही.

शम्मूनी

कफ्र-दोलितो, ८ डिसेंबर २००४

दान्हो,

काल कोर्ट होतं. हे पत्र टपालानेच पाठवते आहे. ज्याला उघडायचं त्याने उघडून वाचावं. तुर्कीत नव्हे, आपल्याच भाषेत लिहिलंय, वाचता आलं तर वाचावं.

सकाळी हसनोने त्याच्या मिनीबसमधून आम्हाला नेलं. बर्फ पडलं होतं. हसनो वाटेत म्हणाला, "बाई, मी आपला बाहेर थांबतो, मला कोर्टाचा वास सहन होत नाही." पण आत आला, आणि शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला.

कोर्टाची खोली लहान. मागे दोन बाक. मी आत गेले तेव्हा पुढच्या बाकावर ती बसलेली होती. पाहुणी. तेच पावसाळी बूट. तिच्या शेजारी आणखी दोघं, एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक चष्मेवाली तरुण मुलगी, निराळ्या दोन देशांच्या दूतावासांतून. तिघंही शाळेत बसल्यासारखी ताठ. माझ्याकडे बघून तिने फक्त मान हलवली. बोलू नका, असं मीच सांगितलं होतं ना.

भिंतीला टेकून फळा ठेवला होता. कापड काढलं. अक्षरं जशीच्या तशी होती, फक्त टोपीच्या एका अक्षराचा ठिपका उडाला होता.

जज्जसाहेब वयस्कर, थकलेले. त्यांनी कागद चाळले. सरकारी वकील म्हणाला, आरोपी धार्मिक स्तोत्रं शिकवत असल्याचं सांगणार असल्यास आमची फारशी हरकत नाही. दिलशाह हानम माझ्याकडे बघत होती. जज्जसाहेब म्हणाले, "या फळ्यावर काय आहे? दुभाषी आहे का कुणी?"

कारकून म्हणाला, "साहेब, या भाषेचा दुभाषी आपल्या यादीत नाही."

"मग?"

सगळे फळ्याकडे बघत राहिले. शेवटी जज्जसाहेब मला म्हणाले, "तुम्हीच वाचा, हानम. आधी तुमच्या भाषेत, मग तुर्कीत."

दान्हो, त्या खोलीत आपली भाषा मोठ्याने वाचली गेली. मी वाचली. बाबांनी आपल्याला कोठारात दिवा झाकून शिकवलेली अक्षरं, सरकारी खोलीत, सरकारी झेंड्याखाली, सरकारच्या सांगण्यावरून. पहिलं वाक्य कोठारातल्यासारखं कुजबुजत वाचलं. दुसरं मोठ्याने.

मग तुर्कीत सांगितलं. बकरी अंगणात शिरते. बकरी अबूनांची टोपी खाते. मागून कुणीतरी हसलं. कारकून टाईप करता करता थांबला आणि विचारू लागला, "टोपी कुणाची लिहू?" अबूना बाकावर होते. त्यांनी हात वर केला, "माझी." मग तर जज्जसाहेबही हसले.

"हे स्तोत्र दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब. स्तोत्र म्हटलं असतं तर मी घरी गेले असते, हे मला माहीत आहे. पण हे स्तोत्र नाही. मी मुलांना आमची भाषा लिहायला शिकवते."

दिलशाह हानमने डोळे मिटले.

"पुढे वाचा."

मी वाचलं. हे गाव आमचं आहे. आम्ही इथेच आहोत.

हसणं बंद झालं. सरकारी वकील उभा राहिला. जज्जसाहेबांनी त्याला हाताने बसवलं आणि मला विचारलं, "याचा अर्थ काय?"

दान्हो, मी रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले. जे खरं होतं तेवढंच तोंडून निघालं. मी म्हटलं, "त्या दिवशी व्याकरणाचा धडा होता, साहेब. वर्तमानकाळ. भूतकाळ आमच्या मुलांना शिकवावा लागत नाही, तो घरोघरी येतो. वर्तमानकाळ मात्र शिकवावा लागतो."

कारकुनाचं टाईप करणं थांबलं. जज्जसाहेब म्हणाले, "लिहा. म्हणाल्या तसंच लिहा."

निकाल फेब्रुवारीत. तोवर मी घरी.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात पाहुणी भेटली. म्हणाली, "फोनवर मी तुम्हाला तो सल्ला द्यायला नको होता." मी म्हटलं, "आलात ना." मग विचारलं, वरून तर जाऊ नका असं सांगितलं होतं, मग आलात कशा?

तेव्हा तिने सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी स्टॉकहोममध्ये परराष्ट्र खात्याच्या दारासमोर आपले लोक बर्फात उभे होते. दोनशेच्या वर, म्हाताऱ्या बाया, लहान मुलं. सगळ्यांच्या पुढे एक माणूस पाटी धरून उभा होता. पाटीवर स्वीडिश नव्हतं, इंग्रजी नव्हतं. आपली अक्षरं. आत जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, हे काय लिहिलंय? आणि तो प्रत्येकाला वाचून दाखवत होता. संध्याकाळी खात्यातून एक बाई खाली आली, तिलाही दाखवलं. मग तिथल्या संसदेत प्रश्न आला, मग एका राजधानीहून दुसऱ्या राजधानीला फोन गेले, आणि मग अंकारेत तीन दूतावासांना सांगण्यात आलं, जा.

"पाटीवर तुमचं नाव होतं," ती म्हणाली. "शम्मूनी, लाहदोची मुलगी, शिक्षिका. आणि खाली गावाचं नाव."

मी विचारलं, तो माणूस दिसायला कसा?

"मला फोटो आला होता. जाड भुवया. डाव्या गालावर व्रण."

कोठाराच्या शिडीवरून पडलास तेव्हाचा.

"तुमचे कुणी?"

"माझा धाकटा भाऊ," मी म्हटलं. व्हरांड्यात अबूना होते, हसनो होता, शिपाई होते, तो कमांडरही होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

तू उत्तर लिहिलं नाहीस. बरंच केलंस. तुझं अक्षर लहानपणापासून वाईट, पाटीवर तरी नीट काढलं होतंस का?

शम्मूनी

कफ्र-दोलितो, २० मार्च २००५

दान्हो,

फोनवर तू आणि आई बोललात आणि मी शेजारी उभी होते, म्हणून जे बोलायचं ते बोलले नाही. तू रडायला लागलास तेव्हा तिने फोन आपटला ना? रागावू नकोस. ठेवल्यावर मला म्हणाली, "फोनवर काय रडायचं, बिल येतं. इथे येऊन रड म्हणावं." आणि मग स्वतः स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसली. कांद्याची गरज नव्हती.

निकाल तुला माहीतच आहे. निर्दोष. कागदावर जज्जसाहेबांनी लिहिलंय, की अंगणात मुलांना स्वतःची भाषा लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरत नाही. एक ओळ. दिलशाह हानमने ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि तिथेच सिगारेट सोडायची शपथ घेतली. ती दुपारपर्यंत टिकली.

सगळं गोड झालंय असं समजू नकोस. मी वर्गासाठी परवाना मागितला, तर उत्तर आलं की अशा भाषेसाठी परवाना देण्याची तरतूदच नाही. म्हणजे शिकवणं गुन्हा नाही, पण शिकवायची परवानगीही नाही. कमांडरची बदली झाली. नवा आलाय, तोही इस्त्रीचाच. आणि तुमच्या युरोपने डिसेंबरात बोलणी सुरू करायची तारीख देऊन टाकली. पाहुणी स्वतः म्हणाली, आता आमचं लक्ष दुसरीकडे जाईल, तुम्ही फोन करत राहा. मी करत राहीन. तिला सवय लावली आहे.

निकालानंतर ती आली होती. राजधानीला पाठवायचं टिपण लिहीत होती. मला विचारलं, "तुमचा व्यवसाय काय लिहू? आरोपपत्रात 'घरकाम' असं आहे."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "शिक्षिका लिही. घरकामही करते म्हणावं, पण ते तितकंसं चांगलं नाही."

गावात म्हणतात, युरोपने शम्मूनीला सोडवलं. मी त्यांना दुरुस्त करते. युरोप येऊन बाकावर बसला. ही लहान गोष्ट नाही, दान्हो. आजोबांच्या वेळेपासून आपली माणसं त्या दारातून एकटी आत गेली, आणि मागचा बाक रिकामा राहिला. काही जण परतही आले नाहीत. त्या दिवशी मी वळून पाहिलं तेव्हा बाक भरलेला होता. पण वाचायचं होतं ते मलाच वाचावं लागलं. आणि तो बाक भरावा म्हणून परक्या शहरात, बर्फात, कुणालाही न कळणारी अक्षरं धरून उभं राहावं लागलं ते तुलाच. मोठमोठ्या देशांची धोरणं कशी ठरतात ते मला ठाऊक नाही. आमच्यापुरतं ते लाहदोच्या दोन मुलांनी ठरवलं, असं मी सांगते, आणि कुणी हसलं तर हसू देते.

तू ऑगस्टमध्ये द्राक्षांच्या वेळी येतोस, हे ऐकलं. तुझ्या मुलीला घेऊन येतोस, तिला बोलता येतं पण लिहिता येत नाही, हेही. शनिवारी सकाळी तिला अंगणात पाठव. सैदेच्या शेजारी जागा आहे. तिला सांग, तिथे आत्याला आत्या म्हणायचं नाही, मल्फोनिथो म्हणायचं. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणतात तसं.

आणि एक. बाबा शिकवायचे तेव्हा आई कोठाराच्या दाराला अडसर घालून आतून पाठ टेकून बसायची, तुला आठवत असेल. माझ्या वर्गालाही ती तशीच बसायची, अंगणाच्या दाराला आतून. आता निकाल लागल्यावर मी तिला म्हटलं, आई, उघडं राहू दे. ती म्हणाली, सवय आहे गं, पाठीला लाकूड लागल्याशिवाय मला बसवत नाही.

काल शनिवारी मी मुलांना भविष्यकाळ शिकवायला घेतला. मध्येच लक्ष गेलं, तर दार सताड उघडं आणि आई जागेवर नाही. घाबरून बाहेर गेले. ती स्टूल घेऊन दाराबाहेर, रस्त्यावर बसली होती, उन्हात, पाठ भिंतीला. खालून नव्या कमांडरची जीप वर येत होती. मी म्हटलं, आई, आत चल. तिने ऐकलं नाही. जीप जवळ आली तशी तिने हात वर करून ती थांबवली, आणि खिडकीतून डोकावणाऱ्या त्या मुलाला म्हणाली, "साहेब, इंजिन बंद करा. आत वर्ग चालू आहे."

त्याने बंद केलं.

तुझी बहीण,
शम्मूनी